एउदेलियाचा उभा मका

मेलेसियो चोरून सीमा ओलांडून अमेरिकेत शेतमजुरी करी आणि दर डिसेंबरात मका काढायला मेक्सिकोतल्या मिचोआकानला आईकडे येई. मग सीमेवर पहारा वाढला, भिंत उंच झाली. घरी आलं तर पुन्हा जाता येईना, म्हणून तो तिकडेच राहिला. अठरा वर्षं झाली. शेवटी त्याची म्हातारी आई एउदेलियाच त्याला भेटायला निघाली. पण व्हिसा दोनदा नाकारला गेला.

तिसऱ्या वेळी शेजारीण चोनानं बजावलं, "तिथं लेकाचं नाव काढू नकोस, बाई!"

व्हिसा कचेरीत अधिकाऱ्यानं विचारलं, "आजी, मेक्सिकोला परत याल कशावरून?"

"माझा मका उभाय. लेकही मक्यासाठी परत यायचा. तुम्ही वाट अडवलीत, म्हणून अडकला."

पुन्हा नकार.

चोनानं कपाळावर हात मारला. "सांगितलं होतं ना!"

"खोटं बोलून लेकाला भेटू?" एउदेलियानं शाल सावरली. "चल. मका काढते आणि चौथा अर्ज भरते."