अध्यक्षांची स्वतःवर हरकत

आमच्या अध्यक्षांना निवडणुकीत मते पडत नसत, याचे त्यांना काडीचे दुःख नव्हते. पक्षाची घटना कोणी मोडली, तर मात्र अन्न गोड लागत नसे. भाषिक अल्पसंख्यांच्या हक्कांसाठी काढलेला हा पक्ष ठाकूरद्वारच्या आमच्या चाळीत, त्यांच्या एका खोलीत मावे. प्रत्येक ठराव प्रत्येक सभासदाच्या मातृभाषेत मांडलाच पाहिजे, हे पहिले कलम. त्यामुळे चहा मागवण्याचा ठराव संपेपर्यंत कोपऱ्यावरचे हॉटेल बंद होई.

मी संयुक्त महाराष्ट्रवाला आणि कायद्याचा विद्यार्थी. म्हणजे दुप्पट संतापी. एकदा त्यांना जिन्यातच गाठून बजावले, "अध्यक्ष, मुंबई आमची आहे!"

"तुमचीच हो! मी काय मंगळूरला घेऊन चाललोय? पण तुमचे राज्य आले, की परळच्या तेलुगू पोरांनी मास्तरांना शंका कुठल्या भाषेत विचारायची, तेवढे सांगा."

उत्तर शोधायला म्हणून सभासद झालो. पक्षात मराठी मी एकटाच.

परळच्या एका शाळेतला तेलुगूचा वर्ग बंद होणार होता. अध्यक्ष स्वतः तुळू बोलणारे. "आमच्या भाषेला शाळाच नाही, जिला आहे तिची तरी का जावी?" म्हणत ते पेटले. पक्षाच्या अर्जावर शिक्षण समितीने सुनावणीला मोजका वेळ दिला. घटनेप्रमाणे मागणी तुळूत झाली, तेलुगूत झाली, कानडीत, सिंधीत झाली. समोरच्यांना यांपैकी एकही भाषा येत नव्हती. मी उठलो आणि वेळ संपला. अर्ज नामंजूर!

बाहेर येताच मी कडाडलो, "त्यांना कळणारी मराठी तेवढी राहिली! जाळा ती घटना!"

अध्यक्ष थबकले. "खरेच की वकील. पक्षातल्या अल्पसंख्य भाषेवर अन्याय झाला, आणि तोही माझ्याकडून!" तिथल्याच बाकावर बसून त्यांनी हरकत लिहिली: अध्यक्षांच्या दोषामुळे मराठी सभासदाची मुस्कटदाबी झाली, सबब फेरसुनावणी व्हावी.

त्या दिवसांत मराठीच्या मुस्कटदाबीचा कागद फेटाळण्याची समितीची छाती नव्हती. फेरसुनावणी झाली. मी मनसोक्त भांडलो. वर्ग राहिला.

पेढे घेऊन खोलीवर गेलो, तर अध्यक्ष राजीनामा लिहीत बसलेले.

"हे काय आता?"

"हरकत मान्य झाली ना? मग मी दोषी ठरलो." पेढे मात्र त्यांनी दोन खाल्ले. "याला कलम आड येत नाही."

पुढे ते गावी गेले, तिकडेच वारले. त्यांच्या जागी बसायला कोणी धजले नाही. परंतु पक्ष विसर्जित करण्याचा ठराव एकाही भाषेत झालेला नाही; सबब कायद्याने तो पक्ष अस्तित्वात आहे, आणि मी त्याचा सभासद आहे.