अर्धी मेलेली चिंच

आमच्या बोन्साय ग्रुपमध्ये झाडं वाढतात कणाकणाने, किस्से मात्र तणासारखे! दर रविवारी निर्मळ गावी इनासकाकांच्या ओट्यावर जमलो की एक तरी नवा उगवतोच. सध्या सगळे एकाच चिंचेचे आहेत.

*

ही चिंच काकांना चांदीप गावच्या एका बांधावर दिसली. गुरांनी ओरबाडून कमरेएवढीच ठेवलेली, खोड मात्र मांडीएवढं आणि अर्धं वाळलेलं. काका तिच्यासमोर चक्क गुडघ्यांवर बसले! बांध सपाट करायला जेसीबी येणारच होता. शेताची मालकीण भागीआजी म्हणाली, "ने बाबा. पन मी नांदायला आले तवापासून हाय ती. मेली तर इकडं फिरकू नको!"

खणण्याआधी तिने नारळ फोडायला लावला. काकांनी फोडला आणि वर क्रुसाची खूणही केली. "दोन्हीकडून सेफ!"

*

चिंच काकांच्या अंगणात कुंडीत आली. मग डेडवुडचं काम. झाडाचा मेलेला भाग सोलायचा, कोरायचा, पांढरा करायचा. झाड एकदम पुराणं दिसतं. काका दिवसभर पटाशी घेऊन बसायचे. काकू शेवटी म्हणाल्या, "एवढे बटाटे सोलले असते तर गावजेवण झालं असतं!"

*

लाकूड पांढरं करायचं औषध गंधकाचं, वास सडक्या अंड्यांचा. मी ते आधी माझ्या जूचंद्रच्या फ्लॅटच्या गॅलरीत एका फांदीवर ट्राय केलं. सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज, "गॅस लीक!" अख्खी बी विंग खाली! मी सगळं सांगितलं, तर सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, मेल्यावर औषध?"

*

आणि एक दिवस चिंचेने पानं गाळली. सगळी! काकांनी चुकून जिवंत साल तर सोलली नव्हती? काका चर्चमध्ये मिस्साला जाताना तिला बघायचे, येताना बघायचे. मला तर रडूच यायचं.

गेल्या रविवारी सकाळी काकांचा फोन, "पालवी! एकच आहे, पण पालवी!" आम्ही स्कूटर उडवतच पोचलो. फोटो, व्हिडिओ, काकूंचा केक!

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली. भागीआजी! पांढरंफटक खोड बघून तिचा चेहरा उतरला. "मारलीस ना?"

काका घाईघाईने पालवी दाखवायला लागले. आजी वाकली, ती एकुलती एक पालवी खुडली आणि तोंडात टाकली.

आजी डोळे मिटून चावत राहिली.

"आंबट हाय," ती म्हणाली. "जिती हाय माझी चिंच!"