हलकी गाडी

काटेदादांना दिवसभर खुर्चीत बसवून ठेवायचं, ही कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याला माणसं कळत नाहीत, एवढंच म्हणावं लागेल. या माणसाने उभं आयुष्य लांब पल्ल्याचे ट्रक चालवले. मग डोळ्यांत काचबिंदू निघाला, बाजूचं दिसेनासं झालं आणि लायसन्स गेलं. मालक भला होता. त्याने घरी बसवलं नाही, ट्रान्सपोर्टच्या गेटवर वजनकाट्याच्या काचेच्या केबिनमध्ये बसवलं. ट्रक काट्यावर चढतो, आकडा स्थिरावतो, दादा पावती फाडतात, ट्रक निघून जातो. जाता जाता ड्रायव्हर हात हलवून ओरडतो, "येतो दादा, चार दिवसांनी!" आणि इकडे दादांचा जीव वरखाली होतो.

घरी तरी स्वस्थता असावी! जेवताना ताट हातात घेऊन खिडकीपर्यंत जायचे. टीव्ही लावायचे आणि उभ्यानेच बघायचे. त्यांच्या बायकोला सगळे ड्रायव्हर वहिनी म्हणतात, आपणही म्हणू. वहिनी हॉस्पिटलच्या लॉण्ड्रीत चादरींच्या घड्या घालून दमून यायच्या आणि घरात बघावं तर नवरा येरझाऱ्या घालतोय. "अहो, टेका की जरा! तुमच्याकडे बघून माझे पाय दुखतात," म्हणायच्या. शेवटी परगावी असलेल्या लेकीने आपला जुना कॉम्प्युटर पाठवला आणि त्यात अंतराळाचा एक गेम घालून दिला. "बाबा, यात हवं तितकं लांब जाता येतं," म्हणाली. पोरीचं मन चांगलं, पण तिने आगीत तेल ओतलं.

त्या गेममध्ये आपलं एक यान असतं. दादा त्याला गाडीच म्हणत. एका ताऱ्यावरून दुसऱ्या ताऱ्यावर उड्या मारत जायचं, इंधन वाटेतल्या ताऱ्यांपासूनच भरून घ्यायचं, आणि जिथे आजवर कोणी गेलेलं नाही तिथले ग्रह नोंदवून परत यायचं. यानं जिथून निघतात त्या बंदरात नोंद परत आणून दिली तरच खरी. परतीच्या वाटेत यान फुटलं, की सगळी मेहनत पाण्यात. आणि मुख्य म्हणजे गाडी जितकी हलकी, तितकी उडी लांब. आता वजनकाट्यावरच्या माणसाला हे सांगितल्यावर तो काय करणार, ते तुम्हीच ओळखा.

नमनालाच घडाभर तेल गेलं. दादांनी आधी तोफा काढल्या. "तिथे कोण येतंय भांडायला?" मग मालाची कोठी काढली. मग संरक्षक ढाल धाकटी केली. मग एका जड चंद्रावर उतरायचा सराव करताना गाडी आपटली, म्हणून ढाल पुन्हा थोरली केली, आणि वजन वाढलं म्हणून रात्रीचं जेवण गोड लागलं नाही. आज काय काढलं, काय ठेवलं, हे सगळं वहिनींना जेवताना ऐकावं लागे. त्याही ऐकायच्या. मधूनच विचारायच्या, "आणि दुरुस्तीचं सामान?"

"ते ठेवलंय."

"बरं केलंत."

निघायचं मात्र नाव नाही. असले लांबचे प्रवास हा गेम खेळणारे बरेच जण इंटरनेटवरून जमून, ताफा करून करतात. दादांच्या ताफ्याची म्होरकी एक दंतवैद्य बाई होती. तिला कुणी पाहिलं नव्हतं, फक्त हेडफोनमधून आवाज यायचा. ताफ्यातल्या निम्म्या लोकांची यानं दादांनी तयार करून दिली, आणि ते लोक दोनदा जाऊनही आले. दादा बंदरातच! एकदा इंधन भरायला वेळ लागतो म्हणून राहिले, एकदा इंजिन तापतं म्हणून. दंतवैद्य बाई शेवटी वैतागली. "दाढ काढायला आलेला पेशंट दारातून परत जातो ना, तसं चाललंय तुमचं. या खेपेला नाही आलात, तर मी पुढे बोलावणार नाही."

दादांना ते लागलं. आता शेंडी तुटो की पारंबी, रविवारी दुपारी ताफ्याबरोबर निघायचंच, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्यांच्या गाड्या निघताना बघण्यात आयुष्य चाललं होतं. एकदा, पडद्यावर का होईना, रस्ता संपतो त्याच्याही पलीकडे जायचं होतं त्यांना. ही एकच इच्छा उरली होती असं म्हटलं तरी चालेल.

आणि घोडं अडलं दरीपाशी. वाटेत एक जागा अशी होती, जिथे तारेच विरळ. अलीकडच्या शेवटच्या ताऱ्यावरून पलीकडच्या पहिल्या ताऱ्यावर एकच मोठी उडी. सगळे तिला दरी म्हणत. दादांच्या गाडीची उडी तिथे किंचित तोकडी पडत होती. शनिवारभर काट्यावर त्यांचं लक्ष नव्हतं. एका ड्रायव्हरला दुसऱ्याची पावती दिली आणि त्याची बोलणी खाल्ली.

रविवारी सकाळी दाढी अर्धी टाकून ते पडद्यासमोर आले. बॅटरी लहान केली. अजून तोकडी. दिवे काढले. अजून तोकडी. मग यानाच्या केबिनकडे त्यांचं लक्ष गेलं. चालकाच्या शेजारी दुसरी खुर्ची होती. रिकामी खुर्ची, म्हणजे फुकटचं वजन! काट्यावरचा माणूस दुसरा विचार करेलच कसा? खुर्ची निघाली आणि उडी बरोब्बर दरीपार गेली. दादांनी टाळी वाजवली, उरलेली दाढी केली आणि शीळ घालत घरभर फिरले.

दर रविवारी वहिनी बहिणीकडे जायच्या. त्या रविवारी गेल्या नाहीत. ताफा निघायला थोडा अवकाश असताना त्या चहाचा थर्मास घेऊन आल्या, स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून दादांच्या शेजारी बसल्या, आणि लेकीचा जुना टॅब मांडीवर घेतला. गळ्यात नवा कोरा हेडफोन.

"हे काय?" दादांनी विचारलं.

"काय म्हणजे? मी येतेय. पोरीने शिकवलंय फोनवरून. तुमच्या गाडीत शेजारी बसायला असंच जोडायचं असतं म्हणे." त्यांनी टॅबवर बोट ठेवलं. मग चष्मा सारखा करून पडद्यावरचं वाचलं. "या यानात दुसरी जागा नाही."

दादांच्या तोंडचं पाणी पळालं.

लग्नानंतरची पहिली काही वर्षं वहिनी ट्रकच्या केबिनमध्ये शेजारी बसून त्यांच्याबरोबर फिरल्या होत्या. लेक शाळेत जायला लागली आणि ते थांबलं. त्यांचं थांबलं, दादांचं नाही.

"अगं, सकाळीच ती खुर्ची काढली मी! तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत? रोज जेवताना सांगताय, हे काढलं, ते ठेवलं. मी ऐकत होते. मला वाटलं, मी ठेवण्यातलीच आहे."

हेडफोनमध्ये दंतवैद्य बाई हजेरी घेऊ लागली. दादांनी माइक बंद केला.

"ती खुर्ची परत बसवली तर?" वहिनींनी विचारलं.

"बसते लगेच. पण मग दरी नाही ओलांडता येणार. काठापर्यंतच."

"मग असू दे. जा तुम्ही त्यांच्याबरोबर. इतके महिने खपलात." वहिनी हे रागाने बोलल्या नाहीत, आणि तेच वाईट होतं. रागाने बोलल्या असत्या तर दादा गेले असते.

दादांनी माइक सुरू केला. "डॉक्टर, तुम्ही व्हा पुढे."

"परत? काटेदादा, मी काय बोलले होते, आठवतंय ना?"

"आठवतंय."

पडद्यावर एकेक यान चमकलं आणि दिसेनासं झालं. त्यातली किती दादांनीच हलकी करून दिली होती. दादांना रडू येईलसं झालं. वहिनींचा रागही आला, खोटं कशाला सांगायचं? बंदर रिकामं झालं तेव्हा त्यांनी खुर्ची परत बसवली. टॅबवर केबिन उजळली आणि वहिनी यानात आल्या.

"वाईट वाटतंय?" त्यांनी विचारलं.

"वाटतंय."

"मलाही वाटायचं. तुमचा ट्रक वळणावरून दिसेनासा झाला की दारात उभी राहायचे मी. तुम्ही कधी मागे बघितलं नाहीत."

"बघायचो. आरशात दिसायचीस."

वहिनींनी थर्मासमधून चहा ओतला. "मग एकदा तरी थांबला का नाहीत?"

दादांनी इंजिन सुरू केलं आणि गाडी बंदराबाहेर काढली.