डावीकडची रिकामी जागा

चंद्रकला पराते रामदासपेठेतल्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये एकोणीस वर्षं रिपोर्ट टाइप करत होत्या. चार वर्षांपूर्वी त्यांना मेंदूचा हलका झटका आला. हातपाय महिन्याभरात सावरले, पण नजरेची डावी बाजू गेली ती गेलीच. सेंटरमध्ये त्यांनी याबद्दल ब्र काढला नाही. कळलं तर घरी बसवतील, ही भीती.

माहीत होतं ते फक्त भाचीला, मयुराला. तिनंच त्यांच्या कॉम्प्युटरवर रिपोर्ट टाइप करायचा एक एडिटर प्रोग्राम टाकून दिला. "मावशी, यात कोणती विंडो कुठं उघडायची, ते तू ठरवायचं," ती म्हणाली होती. दोन महिने जेवणाच्या सुट्टीत, एका हातानं डबा खात, बाईंनी सेटिंगची फाइल ओळ ओळ लिहिली. उजवीकडे वर पेशंटचं नाव आणि नंबर. ती पट्टी कशानंही झाकली जाणार नाही. तिच्याखाली नवा रिपोर्ट, त्याखाली जुना. बाकी जे उघडेल ते तळाशी. डावीकडचा हिस्सा साफ रिकामा.

मग कॉम्प्युटर सांभाळायला गौरांग आला. त्यानं एका रविवारी सगळ्यांच्या कॉम्प्युटरचे पडदे एकसारखे करून टाकले. सोमवारी बाई बघतात तर फाइल पुसलेली, आणि पेशंटचं नाव डाव्या कोपऱ्यात.

"मले विचारलं काहून नाही?"

"काकू, अर्धी स्क्रीन वाया घालवून राहिल्या होत्या तुम्ही. इतकी जागा कोणी रिकामी ठेवते का?"

"मले तसंच लागते."

"होऊन जाईल सवय," म्हणत तो गेलासुद्धा.

फाइलची एक प्रत मयुराकडे होती, पण ती परत टाकायची तर कारण सांगावं लागलं असतं. तीन दिवस बाईंनी दर ओळीला मान वळवून काम रेटलं. गुरुवारी काटोलच्या शालिकरामचा मुतखडा रामटेकच्या शालिकरामच्या नावावर गेला. सही करताना डॉक्टरांच्या ध्यानात आलं म्हणून बरं. त्यांनी बाईंना आणि गौरांगला हॉलमध्ये, बाईंच्या टेबलापाशीच गाठलं.

"वयाचा प्रॉब्लेम आहे सर," गौरांग म्हणाला. "काकूंना रिसेप्शनवर बसवा."

बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. त्या उभ्या राहिल्या.

"वय नाही गा! मले डावीकडचं दिसत नाही. चार वर्षं झाले. चार वर्षांत एक नाव चुकलं का माझं? तू माही फाइल पुसली आणि तीन दिवसांत चुकलं!" मग त्या डॉक्टरांकडे वळल्या. "सर, फाइल माह्या भाचीकडे आहे. आता मागवते आणि टाकते. परवानगी नाही मागून राहिली, सांगून राहिली."

हॉलमध्ये अकरा माणसं होती. डॉक्टर एवढंच म्हणाले, "टाका. आणि गौरांग, यांच्या कॉम्प्युटरला यांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही."

दहा मिनिटांत पडदा पूर्वीसारखा झाला. गौरांगनं माफी मागितली नाही. बाईंना ती नकोही होती. चार वर्षं जिवापाड लपवलेली गोष्ट एका उपटसुंभामुळे अकरा माणसांसमोर ओरडून सांगावी लागली, याची आग बसमध्येही विझली नाही, रात्री जेवतानाही विझली नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरची मेघा मुद्दाम उजवीकडून आली आणि एक एक शब्द सुटा करत मोठ्यानं विचारू लागली, "ताई... चहा... घेता... का?"

"कान शाबूत आहे वं माझे!" बाई कडाडल्या, आणि पुढचा रिपोर्ट उघडला.