रिकाम्या घरातला फोन

आज पुलावात लवंगा जरा जास्त पडल्या आणि दुबईच्या देरा भागातलं आमचं जुनं ऑफिस आठवलं. तिथे बुदी लवंगेच्या सिगारेटी ओढायचा. वंशाने चिनी, जन्माने जाकार्ताचा आणि बॅडमिंटनचा वेडा. "सामना जिंकला की आम्ही इंडोनेशियन, एरवी चिनी," असं हसत म्हणायचा.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात जाकार्ता पेटलं. दंगलखोरांनी चिन्यांची घरं लुटली, जाळली. बुदीची आई घराला कुलूप लावून सिंगापूरला निघून गेली. त्यानंतरच्या एका सुट्टीच्या दुपारी आम्ही दोघं ऑफिसात टीव्हीवर बॅडमिंटनची फायनल बघत होतो, इंडोनेशिया खेळत होतं. दर गेमनंतर तो त्या रिकाम्या घराचा नंबर फिरवायचा.

"रिंग जाते म्हणजे घर उभं आहे," तो म्हणाला.

इंडोनेशिया जिंकलं. मी टाळ्या वाजवल्या. त्याने पुन्हा नंबर फिरवला, आणि या वेळी तिकडे कोणीतरी फोन उचलला. आमच्या टीव्हीवरचाच जल्लोष रिसीव्हरमधून ऐकू येत होता.

बुदीने हळूच फोन ठेवला.

"शेजारी असेल," मी म्हणालो.

"किल्ली आईकडे आहे." त्याने सिगारेट पेटवली. "खूश होता. म्हणाला, आपण जिंकलो."

घर शाबूत आहे, एवढंच मला तेव्हा कळलं होतं.