गिअर नसलेली गाडी

हे मी आजवर कुणापुढे बोलले नाही. सख्ख्या बहिणीपुढे नाही, देवापुढेही नाही — त्याला आपोआप कळलं असेल तर असू दे, मी माझ्या तोंडानं सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही माझ्या गावचे नाही. आणि आधीच सांगून ठेवते, रडायला बसणार नाही मी.

आमचं गाव मूलच्या बाजूला. गावचा तलाव आम्ही ठेक्यानं घेतो, मासळी काढतो, बर्फात घालतो आणि मूल, सावली, गडचिरोली — वार येईल तसा बाजार गाठतो. नवरा होता तोवर पिकअप तो चालवायचा. तो गेला तेव्हा सगळे म्हणाले, आता गाडी विका. माझी लेक छाया तेव्हा कॉलेजात होती. तिनं किल्ली उचलली. आधी गावातली माणसं हसली, मग तिला बघून रस्ता सोडू लागली. गाडी ती हाकायची, मी शेजारच्या सीटवर. बाजारात भाव मी करायची. वर्षानुवर्षं असंच चाललं, आणि खरं सांगू? नवऱ्याशी जन्मात बोलले नसेन इतकं मी त्या केबिनमध्ये लेकीशी बोलले.

मग राजुऱ्याचं स्थळ आलं. उमेश, कोळशाच्या खाणीत नोकरीला. चांगला मुलगा — हे मुद्दाम सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल त्याच्यातच काही खोट होती. नव्हती. छायालाही तो आवडला होता. पण ती हो म्हणेना. म्हणायची, मी गेले तर मासळी कोण नेईल, आईचं कसं होईल? ड्रायव्हर ठेवून पाहिले होते; एक डिझेल विकायचा, दुसरा दारू पिऊन यायचा. मग तिनं मलाच शिकवायचा घाट घातला. माझा डावा गुडघा कधीचाच कामातून गेलेला, क्लच दाबला की कळ थेट डोक्यात. तलावाच्या पाळीवरून मी गाडी सरळ शेजाऱ्याच्या धानात घातली. शिकणं तिथंच संपलं.

तेव्हा तिनं मोबाइलवर ती गाडी शोधून काढली. विजेवर चालणारी पिकअप — रात्री घरच्या प्लगला लावायची, सकाळी न्यायची. गिअर नाही, क्लच नाही. गाडी अजून कारखान्यात बनलीसुद्धा नव्हती, नुसती चित्रं होती, पण नंबर लावता येत होता. तिनं लावला. माझ्या नावानं, माझ्याच फोनवर.

"माये, हे तुले चालवता येईन," ती म्हणाली. "गाडी येऊ दे. तू चालवून दाखव, मंग मी जातो राजुऱ्याले."

उमेशच्या घरच्यांनीही ते मान्य केलं. न बनलेल्या गाडीवर कुणाचं लग्न असं अडलेलं ऐकलंय का तुम्ही? गावातल्या बाया मला विचारायच्या, गाडी कधी येते — म्हणजे लग्न कधी. मी म्हणायची, येईल. छायानं गोठ्याची भिंत पाडून जागा केली, चार्जिंगचा बोर्ड बसवून घेतला. मी तिला चहा नेऊन देत होते आणि मनात म्हणत होते — न येवो. कधीच न येवो.

इथवर पाप नाही. मनात काय काय येतं, त्याला कोण धरतं?

पण फोन आला. भर दुपारी, छाया तलावावर होती. गाड्या तयार झाल्यात, तुमचा नंबर लागलाय, चंद्रपूरला येऊन चालवून बघा. मी कुणाला बोलले नाही. दुसऱ्या दिवशी डोळे दाखवायला जाते म्हणून एसटीत बसले. शोरूमच्या माणसानं मला स्टिअरिंगवर बसवलं. मी मनातून विनवत होते — पाय चुकू दे, भिंतीला घासू दे, काहीतरी होऊ दे. पाय ठेवला, चालली. पाय काढला, हळू झाली. मागच्या मोकळ्या जागेत फेऱ्या मारल्या, रिव्हर्ससुद्धा घेतली. गुडघा ठणकला नाही. "बाई, तुमाले त पयलेपासूनच येते वाटते!" तो माणूस म्हणाला.

चालवता आली मला. म्हणूनच मी ती सोडली.

कळतंय ना? जमली नसती, तर हसत घरी आणली असती. हार घातला असता, नारळ फोडला असता, आणि छायाच ती चालवत राहिली असती. पण जमली — आणि जमली म्हणजे लेक गेली. तिथल्या तिथं सही करून मी नंबर सोडला. संध्याकाळी छायाला सांगितलं, कंपनीचा फोन आला होता, आपल्याकडच्या गावांना ही गाडी देतच नाहीत, नंबर रद्द केला त्यांनी.

"परत लावता नाई येत का?" तिनं विचारलं.

"नाई," मी म्हटलं.

उमेशच्या लोकांनी आणखी एक दिवाळी वाट पाहिली. मग छायानंच त्याला फोनवर सांगितलं — दुसरीकडं बघ, आईला टाकून येत नाही मी. मी दाराआड उभी होते. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं फक्त. नाही बोलले.

लेक म्हणजे परक्याचं धन, म्हणतात. कुणी ठरवलं? मुलगा असता आणि मी त्याला असाच घरी धरून ठेवला असता, तर लोकांनी मला काय म्हटलं असतं? नशीबवान म्हटलं असतं. असो. मी केलं ते वाईट केलं, मला कळतं. गुडघ्याचं कारण देणार नाही, एकटेपणाचंही नाही. मला ती हवी होती, मी ठेवून घेतली. उद्या पुन्हा तसा फोन आला, तर पुन्हा सोडीन.

उमेशचं लग्न वैशाखात झालं. त्या दिवशी आम्ही मासळी भरून गडचिरोलीच्या बाजाराला निघालो होतो. वाटेत एक वरात आडवी आली — त्याची नव्हे, दुसऱ्याच कुणाची. छायानं गाडी कडेला घेतली आणि बँड पुढं जाईपर्यंत थांबली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. तिनं पुसलं नाही.

"माये, बर्फ पुरेन न?" तिनं विचारलं.

पुरेल, मी म्हटलं. आणि तिच्या शेजारी बसून — खोटं कशाला बोलू — मला बरं वाटत होतं.