आबांनी सांभाळलेलं प्रदर्शन

माझ्या व्यंगचित्रांचं पहिलं प्रदर्शन आमच्या आबांनी फक्त वीस मिनिटं सांभाळलं. तेवढ्यात मी चहा पिऊन आलो.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. कोल्हापुरातल्या एका दैनिकात मी रोज पहिल्या पानावर छोटं व्यंगचित्र काढत होतो. आबा, म्हणजे माझे वडील, चार म्हशी पाळून गल्लीला दूध घालायचे. माझा धंदा त्यांना पटलेला नव्हता. कुणी विचारलं की सांगायचे, "थोरला पेपरात नाकं काढतोय." (समोरचा मग सहानुभूतीनं बघायचा. माझ्याकडं नाही, आबांकडं.)

प्रदर्शनाची कल्पना संपादकांची. शाळेचा हॉल मिळवून दिला आमच्या भागातल्या नगरसेवकांनी, त्यामुळं उद्घाटनालाही तेच. संपादकांनी बजावलं होतं की नगरसेवकांवरची चित्रं लावायची नाहीत. मी सात चित्रं बाजूला काढली. आठवं मात्र फार जीव लावून काढलेलं होतं. त्यात आमच्या गल्लीतला खड्डा होता, खड्ड्यात पाणी, पाण्यात म्हैस, आणि म्हशीशेजारी गळ्यात हार घातलेले एक जाडजूड गृहस्थ निवांत डुंबत होते. नाक जरा लांब काढलंय, म्हणजे कुणी ओळखणार नाही, अशी समजूत घालून मी ते लावून टाकलं.

नगरसेवक येणार पाचला. चारला मी आबांना हॉलवर बसवलं, कुणी आलं तर नमस्कार करा, बाकी काही बोलू नका असं सांगितलं, आणि कोपऱ्यावर चहाला गेलो. राजकारणातला माणूस वेळेआधी येईल, एवढी अतिशयोक्ती मला व्यंगचित्रातसुद्धा सुचली नसती!

परत आलो तर दारात त्यांची जीप. आत आबा म्हशी हाकायच्या काठीनं एकेक चित्र समजावून सांगत होते, आणि भोवतीची पंधरा-वीस माणसं पोट धरून हसत होती. माझ्या चित्रांना इतकं हसताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. अर्थ आबा स्वतःचाच लावत होते. अर्थसंकल्पावरचं चित्र त्यांनी जावयाला मोजून पोळ्या वाढणाऱ्या सासूचं ठरवलं होतं. मी गर्दीतून पुढं घुसेपर्यंत काठी खड्ड्याच्या चित्रावर जाऊन टेकली.

नगरसेवक बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "मामा, हे कशाचं म्हणायचं?"

"म्हस आमची हाय," आबा म्हणाले. "खड्डा तुमचा हाय."

"आणि ह्यो माणूस?"

आबांनी एकदा चित्राकडं बघितलं, एकदा नगरसेवकांकडं.

"नाक चुकलंय पोराचं. बाकी तुमीच."

हॉलमधलं हसू एकदम थांबलं. नुकतेच आलेले संपादक दाराची चौकट धरून उभे राहिले. नोकरी गेली हे मला कळलं. ती आज जाणार की महिनाअखेरीला, एवढंच ठरायचं होतं.

नगरसेवकांनी शांतपणे विचारलं, "खरंच बसती व्हय म्हस त्यात?" आबांनी सांगितलं की रोज बसते, उठवता उठत नाही, खोटं वाटत असेल तर चला बघायला. झालं. फीत आणि कात्री ताटात तशीच ठेवून अख्खं उद्घाटन आमच्या गल्लीत निघालं.

खड्ड्यात म्हैस बसली होती. (आणि मी आजवर समजत होतो की आपण वाढवून काढलंय.) नगरसेवक जवळून बघायला पुढं सरकले, पाय घसरला, आणि पांढऱ्याशुभ्र कपड्यांनिशी ते थेट म्हशीशेजारी जाऊन बसले. गळ्यात हॉलमधून निघताना संपादकांनी घाईघाईनं घातलेला हार होताच. म्हशीनं मान वळवून त्यांच्याकडं बघितलं आणि पुन्हा रवंथ सुरू केला.

आधी हसले ते स्वतः नगरसेवक. मग सगळी गल्ली हसली. आबांनी हात देऊन त्यांना वर काढलं, आईनं न्हाणीत गरम पाणी दिलं, आणि माझा एकमेव चांगला सदरा, पोटावरची दोन बटणं उघडी ठेवून, घालून त्यांनी आमच्याकडं पेलाभर दूध घेतलं. पंधरा दिवसांत रस्ता झाला. म्हशीची तेवढी गैरसोय झाली.

माझी नोकरी राहिली, पण एका अटीवर. संपादकांनी सांगितलं की इथून पुढं चित्र आधी वडिलांना दाखवायचं, आणि ते जे बोलतील ते खाली लिहून आणायचं. पुढची नऊ-दहा वर्षं मी तेच केलं. ओळ आबांची, सही माझी. दोघांचंही बरं चाललं होतं.

मला आजवर आलेलं वाचकाचं एकमेव कौतुकाचं पत्र त्याच काळातलं. इचलकरंजीहून आलं होतं. लिहिलं होतं, "चित्राखालची ओळ एक नंबर असते. चित्र काढणारा तेवढा बदला."